धरलेली खिडकी

पळस्प्याच्या नाक्यावर, जिथं गोव्याची वाट पुण्याच्या वाटेपासून फुटते, तिथं पत्र्याचं एक दुकान आहे. दुकानापुढं निळे, विटकरी, करडे पत्रे उभे केलेले असतात, आणि जड कंटेनर वळला की ते सगळे मिळून थरथरतात. त्या थरथरीच्या शेजारी स्टूल टाकून कमळाकर बसतो. विकणं त्याचं काम नाही. भिंतीला बाहेरून पत्रा मारायचाय, किती लागेल, असं विचारत कोणी आलं की गल्ल्यावरून हेतलबेन हाक मारतात. मग कमळाकर उठतो, टेप खिशात टाकतो आणि गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्याच्या घरी जातो.

"कमळाकरभाय, माप बरोबर आणा हां," हेतलबेन दर वेळी सांगतात. "कापलेला पत्रा मी परत नाय घेणार."

"परत आनला कवा?"

"म्हणून तर बोलते. पहिली वेळ काय सांगून येते?"

या मुलखात पाऊस वरून पडतो तेवढाच बाजूनंही येतो. खाडीकडून वारा सुटला की धारा आडव्या होतात आणि पश्चिमेच्या भिंतीवर सुपानं पाणी मारावं तशा येऊन आदळतात. तिला झड म्हणतात. घरं कुडामातीची होती तेव्हा झडीच्या भिंतीला झावळ्यांचे विणलेले झाप बांधत. कमळाकरचा बाप विचुंब्याला तेच करायचा. वैशाखात त्याला घराघरांतून बोलावणं यायचं. बापाला टेप माहीत नव्हता. तो भिंतीला छाती लावून दोन्ही हात पसरायचा, बोटांच्या टोकाशी कोळशाची खूण करायचा, पुढं सरकायचा, पुन्हा हात पसरायचा. होडीचा दोर मोजतात तसा एकेक वाव. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस घराला कवटाळून रडतोय.

पुढं घरं सिमेंटची झाली. झाप गेले, झड राहिली. सिमेंटची भिंत मातीच्या भिंतीहून जास्त पाणी पिते आणि प्यालेलं लपवून ठेवते. गणपतीत रंग फुगतो, दिवाळीत पोपडे सुटतात, आणि शिमग्यापर्यंत भिंतीवर नकाशे उमटतात. कोणाच्या घरी त्यात बैल दिसतो, कोणाच्या घरी गणपती. माणसं पहिल्यांदा हसतात. मग एक दिवस घरातलं कोणीतरी म्हणतं, मला त्या भिंतीकडं तोंड करून झोप लागत नाही. तेव्हा पळस्प्याला यावंच लागतं.

कमळाकर कोणाच्याही घरासमोर उतरला की लगेच टेप काढत नाही. आधी घराभोवती एक चक्कर मारतो, हाताचा पंजा भिंतीवरून फिरवत. भर उन्हात जिथं पंजाला गार लागतं तिथं पाणी बसलेलं असतं. मग लांबी, मग वळचणीपर्यंतची उंची. वर छपराचा तिकोना असला तर नवखा माणूस त्याचं अर्धं धरतो, कारण शाळेत तसं शिकवलेलं असतं. कमळाकर थोडं जास्त धरतो. तिरका कापलेला तुकडा दुसऱ्या बाजूला उलटून बसेलच असं नसतं. प्रत्येक पत्र्याची एक पन्हळ शेजारच्या पत्र्याखाली जाते, तेवढी रुंदी मेली असं समजायचं. खाली वीतभर भिंत उघडी ठेवायची, नाहीतर पत्रा चिखलात पाय घालून उभा राहतो आणि गंजतो.

शेवटी उरतात दारं आणि खिडक्या. त्यांच्यासाठी या धंद्यात दोन शब्द आहेत. पत्र्याच्या हिशेबात जी जागा घेतली ती धरली, जी वगळली ती सोडली. दार सगळेच सोडतात. खिडकीचं मात्र घरवाल्याला विचारावं लागतं. खिडकी सोडली तर तिच्याभोवती पत्रा कापून ती उघडी ठेवतात. धरली तर पत्रा सरळ तिच्यावरून जातो आणि खिडकी झाकली जाते. धरायची का सोडायची, हे कमळाकरनं आजवर इतक्या भिंतींपुढं विचारलं होतं की या शब्दांना माणसांच्या बोलण्यात आणखीही अर्थ असतो, हे त्याच्या ध्यानातूनच गेलं होतं.

चैत्र सरता सरता एक माणूस दुकानात आला. प्रितेश त्याचं नाव. खाडीकाठच्या कोळ्यांचा, तिशीतला, बंदरात क्रेनवर कामाला. त्यांचं गाव विमानतळात गेलं आणि आता ते करंजाड्याला, नवीन आखलेल्या गल्ल्यांच्या अगदी टोकाला राहत होते.

"एकाच भिंतीचं काम हाय, काका," मोटारसायकल चालवत प्रितेश मागं न बघता म्हणाला. "पन पुरी भिंत झाका. बोटभर जागा उघडी नको."

"ओल हाय?"

"मी ओल बोलतो. घरातले त्याला मानूस बोलतात."

कमळाकर हसला. प्रितेश हसला नाही. करंजाड्याच्या वळणाशी म्हणाला, "बायको पोरीला घेऊन माहेरी गेलीय. भिंत नीट कर, मग येते, बोलली. पोरगी झोपेत त्या भिंतीला काका बोलते."

घर एकमजली होतं, वर उतरतं छप्पर. पश्चिमेची भिंत उघड्या माळाकडं तोंड करून उभी होती, आणि तिच्या मधोमध एक खिडकी होती. कमळाकरला नवल वाटलं. कुठलाही शहाणा गवंडी झडीच्या भिंतीला अशी उघडीवाघडी खिडकी ठेवत नाही. वर छज्जासुद्धा नव्हता.

आत खिडकीशेजारी खाटेवर प्रितेशची आई बसली होती. गंगाबाई. केस पांढरे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. आणि तिच्या डोक्यामागं, खिडकीच्या चौकटीला लागून, तो डाग होता. कमळाकरनं पुष्कळ डाग पाहिले होते, पण याला दिसायला त्याच्याकडून काही मदत लागली नाही. डोकं होतं, मान होती, एक खांदा वर उचललेला होता आणि एक हात कोपरात वाकून खिडकीच्या कठड्यावर टेकलेला होता. बाहेरून आलेला माणूस खिडकीशी थांबून दोन शब्द बोलतो, तसा.

"कोन यो?" गंगाबाईनं विचारलं.

"पत्र्याचं माप घेतो, मावशी."

"घे बाबा. पोऱ्याला भिंत सुकवायचीय." मग डागाकडं न वळता, पाठीमागच्या माणसाला ऐकू जावं तसं म्हणाली, "आमच्या धन्याला पावसात उभं राह्याची जुनीच सवय."

धनी म्हणजे दयाराम. प्रितेश शाळेत होता तेव्हा भरतीच्या वेळी जाळं काढायला होडी घेऊन गेला तो गेलाच. होडी तिवरांत अडकलेली सापडली, माणूस सापडला नाही. कोणी बेलापुराला पाहिला म्हणालं, कोणी आणखी कुठं. गंगाबाईनं कुंकू पुसलं नाही, कोणाला पुसू दिलं नाही. पुढं गाव उठलं. गावातली शेवटची जी घरं मोडली त्यांत तिचं होतं. करंजाड्याला नवीन घर बांधताना तिनं गवंड्याला एकच गोष्ट सांगितली, की जुन्या गावाच्या अंगाला खिडकी पायजे.

"होडी लावंल न् घर शोधंल," तिनं कमळाकरला सांगितलं, घरातल्या रोजच्या कामाचं सांगावं तसं. "घर कुठं हाय तिथं? इमानतळ हाय. मंग खिरकीत दिवा दिसला तर वळंल ना इकडं."

म्हणून ती पावसातसुद्धा खिडकी लावत नव्हती. कमळाकरनं बाहेर पाहिलं. भराव, तारेचं कुंपण, आणि त्यापलीकडं पांढरी उन्हाची पट्टी. खाडी कुठंच दिसत नव्हती.

तो बाहेर गेला. टेपचं एक टोक प्रितेशनं धरलं, दुसरं त्यानं. लांबी झाली, उंची झाली, तिकोना झाला. मग तो खिडकीशी आला आणि गजांमधून आत बघत त्यानं नेहमीचं विचारलं.

"मावशी, खिडकी धरायची का सोडायची?"

गंगाबाईनं गजाला हात घातला. "सोडू नको रं बाबा. काय पन कर, खिरकी तेवडी सोडू नको."

कमळाकरनं भिंतीच्या कोपऱ्याकडं पाहिलं. प्रितेश टेपच्या टोकाकडं बघत उभा होता.

"आई बोलली तसं करा, काका," तो म्हणाला.

कमळाकरनं खिडकी धरली.

पत्रे बसवायला शिवा गेला. कमळाकरनं मोजायचं आणि शिवानं ठोकायचं, असं त्यांचं जुनं जमलेलं होतं. त्या आठवड्यात गंगाबाई उरणला बहिणीकडं गेली होती. भिंतीला लोखंडी चौकट बांधली, वर करडा पत्रा चढला, रबराच्या चकत्या घालून स्क्रू पिळले. एक पत्रा कमी पडला नाही, एक उरला नाही.

"तुमचं माप बगून मना राग येतो," शिवा दुकानात परत आल्यावर म्हणाला. "एक तुकडा उरला असता तर माझ्या कोंबड्यांना झाला असता."

पंधरवड्यानं त्याच शिवानं सांगितलं, "त्या करंजाड्याच्या म्हातारीनं बोलणं टाकलंय म्हनं. उरणावरून आली, खोलीत गेली, तशी बसलीय. पोऱ्यानं वाढलं तर जेवते, नाय तर नाय."

कमळाकर दुपारच्या उन्हात एकटाच गेला. खोलीत अंधार होता. खिडकीची झडपं उघडी होती आणि त्यांच्यामागं, गजांच्या पलीकडं, पत्र्याची काळी पाठ. गंगाबाई खाटेवर त्याच जागी. त्याला पाहून ती बोलली.

"मी काय बोलले तुना?"

"सोडू नको बोललात."

"मंग?"

"म्हनून धरली, मावशी." हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्याच वेळी कमळाकरला ते तिच्या कानांनी ऐकू आले. तो उंबऱ्यावर बसला.

गंगाबाई त्याच्याकडं बघत राहिली. "तुमच्या धंद्यात धरलं म्हंजे झाकलं?"

"होय."

"आनि सोडलं म्हंजे उघडं ठेवलं." ती जरा हसल्यासारखी झाली. "कोनी शिकवलं रं तुमाला असं बोलायला?"

तेवढ्यात पत्रा वाजला. ठण. जरा वेळानं पुन्हा. बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसा, आणि नेमका खिडकीवर.

"ऐकलंस? रोज दुपारचा वाजवतो."

"उन्हानं पत्रा फुगतो, मावशी."

"मंग बाकीचा का नाय फुगत?"

"फुगतो, पन त्याच्यामागं भिंत हाय. इथं मागं पोकळ हाय. म्हनून आवाज होतो."

"पोकळ हाय म्हनून तर तो तिथं उभा हाय," गंगाबाई म्हणाली. "ना घरात, ना भाईर. तू त्याला मधी चिणलंस."

कमळाकरनं त्या पोकळीकडं पाहिलं, आणि त्याच्या मनानं त्याला न विचारता मोजायला सुरुवात केली. भिंतीची जाडी, अधिक चौकटीच्या पाइपाची, वजा गज. माणूस अंग चोरून उभा राहिला तर मावेल का, हे त्याच्या मनानं काढायच्या आत तो उठून बाहेर आला. पाठीमागं पत्रा वाजला.

फाटकाशी प्रितेश उभा होता. कामाचे बूट अजून पायातच.

"आजच कापून देतो," कमळाकर म्हणाला. "चूक माझी हाय. शिवाला बोलावतो, तासाभराचं काम."

"कापू नका."

"अरं, तुजी आई..."

"मना कळलं होतं, काका." प्रितेशनं हे सांगताना आवाज खाली केला नाही. "आई काय बोलली नि तुमी काय समजला, दोन्ही कळलं होतं. मी गप रायलो. माझी पोरगी घरी यायची हाय. आईचा माणूस मरून किती वर्सं झाली, अजून ती त्याच्याच वाटेवर बसलीय. मी रोज तिच्यासमोरून जातो-येतो, माझ्याकडं कवा बघितलंय तिनं? झाकू द्या एकदा. पावसाळा जाऊ द्या. ईसरंल."

कमळाकर शिवाला न बोलावताच परतला. घर ज्याचं, भिंत त्याची.

तो पावसाळा कमळाकरच्या अंगावर बसला. विचुंब्यात त्याच्या स्वतःच्या घराला कुठं पत्रा नव्हता, तरी जेवता जेवता तो हात थांबवायचा. बायको विचारायची, काय झालं. तो म्हणायचा, काय नाय, कोनतरी आलं वाटलं. ती दार उघडून बघायची आणि परत येऊन त्याच्या ताटात भात वाढायची. हळूहळू तो माप घेताना भिंतीवर पंजा फिरवेनासा झाला. गार जागा हाताला लागली की वाटायचं, आतून कोणीतरी त्याच जागी हात लावला आहे. खिडक्यांशी आला की घाई करायचा. एका घरी दोन पत्रे कमी पडले. हेतलबेन काही बोलल्या नाहीत, त्याचंच त्याला जास्त लागलं.

आणि विचारण्याची रीत त्यानं बदलली. धरायची का सोडायची, हे त्याच्या जिभेवर येईना. "खिडकी झाकायची का उघडी ठेवायची? झाकली तर कायमची झाकली, उजेड नाय, वारा नाय, भाईरचं काय दिसनार नाय," असं तो सांगत बसायचा. "अवो काका, खिडकीच हाय, पोरगी द्यायची नाय," लोक म्हणायचे. शिवा त्याची नक्कल करून दाखवायचा. कमळाकर हसण्यात सामील व्हायचा आणि पुढच्या घरी पुन्हा तेच सांगायचा.

दसरा झाला. आश्विनाचं ऊन तापलं. एका दुपारी प्रितेश दुकानात आला आणि कमळाकरच्या स्टुलाशी उभा राहिला. गाल बसले होते.

"चला काका. कापा ती खिडकी."

"काय झालं?"

"बायको आली होती. गणपतीला आली. बाहेरची भिंत कोरडी ठणठणीत, डाग गेला. पोरगी हसली-खेळली. गौरी गेल्या आनि..." त्यानं ओठ पुसले. "तुमीच बगा. बायको परत गेली. आई आता खोलीतून भाईर येत नाय. कापा. उजेड आला तर बरं होईल सगळं."

कमळाकर लगेच उठला. त्यानं शिवाला सोबत घेतलं, कापायची मशीन घेतली. वाटेत त्यानं मनातल्या मनात चौकोनही आखला.

गंगाबाई या वेळी खाटेवर पाठ फिरवून बसली होती, खिडकीकडं पाठ. खिडकीशेजारची भिंत खरंच कोरडी होती, रंगाचे चार पोपडे तेवढे. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली ती भिंत, जिला ना पाऊस लागत, ना ऊन. तिच्यावर तो डाग उभा होता.

आता कोपर वाकलेला नव्हता. कुठं टेकलेला नव्हता. जमिनीपासून डोक्यापर्यंत पुरा, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, आत आलेला माणूस उभा राहतो तसा सरळ उभा.

कमळाकर स्वयंपाकघरात गेला. भिंतीच्या त्या अंगाला त्यानं पंजा फिरवला, किती महिन्यांनी. कोरडी. त्या भिंतीत पाण्याची नळी नव्हती. वर चढून छप्पर पाहिलं, तिथंही पाणी आल्याची खूण नव्हती. पाणी कुठूनतरी शिरून कुठंतरी निघतं, त्याच्या वाटा माणसाला सगळ्या कळत नाहीत, हे त्यानं कित्येक घरमालकांना सांगितलं होतं. ते त्यानं स्वतःला एकदा सांगून पाहिलं.

शिवानं बाहेर मशीन सुरू केली. त्या आवाजासरशी गंगाबाई उठली.

"बंद कर सांग त्याला."

"आई, तुझीच खिडकी उघडतोय," प्रितेश म्हणाला.

"नको आता." ती कमळाकरकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "इतकी वर्सं मी खिरकी उघडी ठेवली न् तो खिरकीशीच रायला. हात टेकून नुसता बोलायचा. तू वाट बंद केलीस तवा आत आला. आता उघडशील तर जाईल. त्याला पाय हायेत आता, बग."

कमळाकरनं दारातून शिवाला हातानं थांबवलं. खोलीत शांत झालं. पत्रा तेव्हा वाजला नाही. भर दुपार होती, ऊन पत्र्यावर होतं, तरी वाजला नाही.

"तू मापाचा मानूस ना," गंगाबाई म्हणाली. "मंग माप घे याचं. मी म्हातारी झाले, मना नजरेनं कळत नाय. पोऱ्या बोलतो ओल हाय. तू मोज, न् सांग मना तो हाय का नाय."

प्रितेश भिंतीकडं बघत नव्हता. "काका, नका तिच्या नादाला लागू."

पण कमळाकरकडून त्या बाईचं एक माप चुकलं होतं आणि ती दुसरं मागत होती. त्यानं टेप काढला. टोक जमिनीला लावलं, पट्टी ओढत डोक्यापर्यंत नेली. आकडा दोनदा वाचला.

"किती?"

त्यानं फूट-इंचांत सांगितलं.

"मना तुमचे फूट काय कळतात?" गंगाबाईनं प्रितेशच्या दंडाला धरलं. "तू उभा रा तिथं. धनी जायच्या आदल्या वर्साला मी तुमा बाप-लेकांना दारात उभं केलं होतं. तू कानापाशी आला होतास. मी बोलले होते, बापाएवढा होशील. उभा रा, मना बगू दे."

"आई, पुरं कर आता."

"उभा रा, बाबा," कमळाकर म्हणाला. "मापच हाय."

प्रितेश खोलीच्या मध्यावर आला. मग चार पावलं मागं सरकत गेला आणि त्यानं पाठ भिंतीला लावली. डोळे मिटले. हात बाजूंना सोडले.

कमळाकरनं पत्र्यावर पत्रा नीट बसला का ते बघतात तसं डाव्या अंगानं पाहिलं, उजव्या अंगानं पाहिलं. खांद्याबाहेर काही उरलं नव्हतं. डोक्यावर बोटभरही ओल दिसत नव्हती. जणू भिंतीवर प्रितेशशिवाय कोणी नव्हतंच.

गंगाबाई अगदी जवळ आली. आधी भिंत बघत होती. मग तिनं चेहरा बघितला. कपाळ, नाक, हनुवटीवरचा व्रण. मुलाच्या तोंडाकडं इतका वेळ बघताना तिला कोणी पाहिलं नसेल, प्रितेशनंही नाही, कारण त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"पुढं ये," ती म्हणाली.

तो भिंतीपासून सुटला. पाठीमागं शर्ट मानेपासून कमरेपर्यंत भिजून अंगाला चिकटला होता, आणि त्यातून एक धार पँटवर उतरत होती. एवढं पाणी भिंतीच्या ओलीचं नसतं. कमळाकरला ते माहीत होतं.

गंगाबाईनं पदर हातात घेतला आणि त्याची पाठ पुसायला लागली. खाडीवरून आलेल्या माणसाची पुसतात तशी, जोर लावून, माने-खांद्यांवरून खाली.

"किती भिजलास," ती म्हणाली. "एवडा येळ कुठं होतास?"

प्रितेशनं डोळे उघडले. हा प्रश्न कोणाला आहे, हे त्याला कळलं, कमळाकरलाही कळलं. दारातल्या शिवाला कळलं नसावं, कारण तो मशीन घेऊन तसाच ताटकळत होता.

"आलो ना आई," प्रितेश म्हणाला.

"जेवलास?"

"नाय."

ती पदर पिळत स्वयंपाकघरात गेली. किती महिन्यांनी गेली ते प्रितेशला ठाऊक. भांडं आपटल्याचा आवाज आला, काडी ओढल्याचा आवाज आला. मग सुक्या बोंबलाचा वास खोलीत भरला. प्रितेश ओल्या शर्टानंच ताटावर बसला. त्यानं भिंतीकडं वळून पाहिलं नाही. गंगाबाई त्याच्यासमोर बसली, आणि तो खात होता तोवर तिनं त्याच्या तोंडावरची नजर काढली नाही. कोणासाठी ती बघत होती, नवऱ्यासाठी की मुलासाठी, हे तिनं कोणाला कळू दिलं नाही. प्रितेशनं दुसऱ्यांदा भात मागितला.

"कापायचं नाय?" शिवानं दबक्या आवाजात विचारलं.

"नाय. मशीन बाहेर ठेव."

"तुमी पन बसा रं दोघं," आतून गंगाबाईनं हाक दिली. "उन्हाचे कुठं जाता."

ताटं मांडायला जागा त्या मधल्या भिंतीच्या कडेनंच होती. शिवा हात धुऊन आला आणि आरामात टेकून बसला. कमळाकरही बसला, जेवला, भाकरीचं कौतुक केलं. पण भिंतीला पाठ लावणं काही त्याला जमलं नाही.